कच्चा दोरा

सुरतेत सिंगणपोरच्या कॉजवेखाली तापीला भरती-ओहोटी लागते. वरच्या अंगाला मात्र पाणी गोडं आणि संथ. तिथे सुट्टीच्या दिवशी एक म्हातारा गरवायला बसत असे. मूळचा खानदेशातला, उभा जन्म उधन्याच्या मागांवर गेलेला. शेजारचा एक पोरगा त्याच्याबरोबर येई, त्याला आबा म्हणे. पोराला आबांचं सगळं पटे, फक्त गळ बांधण्याची रीत पटत नसे.

आबा त्याच पाण्यात फडकं धरून बोटाएवढी मासळी पकडत. तिच्या वरच्या ओठातून गळ हलकेच ओवत, म्हणजे ती पोहती राही. गळाच्या टोकाचा उलटा काटा त्यांनी पकडीनं दाबून सपाट केलेला होता. गळामागे हातभर बारीक तार, कारण मरळीचे दात तंगूस कापतात. तारेपुढे तंगूस, वर बुचाचा तुकडा. इथवर पोराची तक्रार नव्हती. पण तळाशी जाणारं वजन आबा हार ओवायच्या सुती दोऱ्यानं बांधत.

"आबा, बाकी सगळं पक्कं, मग इथंच कच्चं का?"

"इथंच कच्चं पाहिजे," आबा म्हणाले. "मागावर बाण्याचा धागा तुटला की माग थांबतो. न थांबता चालला, तर कापड वाया जातं."

पोराला हे म्हातारपणाचं बोलणं वाटलं. एका सकाळी त्यानं आपला गळ आपणच बांधला. वजनालाही तेच जाड तंगूस, आणि वर दुहेरी गाठ. घटकाभरात बुच खाली गेलं. ओढ जबर होती. मरळ जलपर्णीखाली शिरली, वजन दगडांच्या फटीत अडकलं. पोरानं सगळं बळ लावून ओढलं आणि तंगूस तुटलं, ते थेट त्याच्या हाताजवळ.

"गेली," पोरगा म्हणाला.

"गेली नाही," आबा म्हणाले, आणि नावाड्याला हाका मारू लागले.

नाव यायला दुपार झाली. जलपर्णी बाजूला सारून त्यांनी तंगूस हाती धरलं आणि हळूहळू वर घेतलं. मरळ मेलेली होती. ओठातला गळ सोडला तर अंगावर कुठे ओरखडाही नव्हता.

"मग मेली कशानं?"

"बुडून."

पोरगा हसला. आबा हसले नाहीत. मरळीला नुसता पाण्यातला श्वास पुरत नाही. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन तिला हवेचा घोट घ्यावा लागतो. वजनानं तिला तळाशी जखडून ठेवलं होतं. वीतभर सुती दोरा तुटला असता, तर वजन तळाशी राहिलं असतं आणि ती वर आली असती. आबांनी एवढं सांगितलं आणि तिच्या ओठातला गळ काढून पोराच्या हातात दिला. रागाचा शब्द नाही.

पुढच्या सुट्टीला पोरानं आबांकडे दोरा मागितला. त्या दिवशीही वजन अडकलं. हाताला एक बारीक झटका जाणवला, दोरा तुटला, आणि मरळ जिवंत किनाऱ्याला आली. संध्याकाळी दोन्ही घरांत कालवण झालं. मासा सोडून दिला असता तर गोष्ट अधिक गोड झाली असती, पण आबा खाण्यासाठीच गरवत.

ओढाताण झाली की कुठेतरी तुटणारच. म्हाताऱ्यानं ते कुठे तुटावं एवढंच आधी ठरवून ठेवलं होतं, आणि ठरवताना पाण्याखालच्या जिवाचाही विचार केला होता. पक्क्या गाठीची फुशारकी सगळेच मारतात. कच्ची गाठ जाणून मारणारा विरळा.

पोराला मात्र गेलेल्या शिशाच्या वजनाची हळहळ वाटत होती.

"शिसं नदीत टाकूच नये," आबा म्हणाले. "कारखान्यात मागांखाली गंजके नट पडलेले असतात. मालकाला विचार आणि मूठभर घेऊन ये."

पोरानं दुसऱ्याच दिवशी विचारलं. मालकानं डबाभर दिले.