परक्या शहरातील विद्यार्थी आणि ओळखीचे कर्तव्य

बारावीचे निकाल लागले की आपल्या हुपरीतील अनेक घरांत एकच विचार सुरू होतो : मुलाला, मुलीला पुढे कोठे पाठवावे? कोल्हापूर रोज ये-जा करण्याच्या अंतरावर आहे. पुण्यात मात्र घर सोडून राहावे लागते. तेथे नाना धर्मांची, नाना भाषांची मुले एका वर्गात, एका मेसमध्ये, कधी एका खोलीतही असतात. आई-वडिलांना फीच्या आकड्याहून मोठी चिंता असते ती ही की, आपले लेकरू आपला दीन सांभाळील का?

यावर काही पालक बजावतात, ‘आपल्याच मुलांत राहा, इतरांशी कामापुरते बोल.’ काही मुले उलट वागतात. सोबत्यांत वेगळे दिसू नये म्हणून ती नमाज लपून पढतात आणि पुढे सोडूनच देतात. मार्ग दोन, पण मुळाशी भीती एकच : इतरांना ओळखायचे तर स्वतःला गमवावे लागेल.

प्रिय वाचकहो, ही भीती खरी आहे काय? सूरह हुजुरातच्या तेराव्या आयतीचा आशय असा की, अल्लाहने माणसांची राष्ट्रे आणि कबिले केले ते परस्परांची ओळख व्हावी म्हणून. प्रतिष्ठा मात्र तकव्यावर ठरते. सगळे एकसारखे झाले तर ओळखण्याजोगे काही उरत नाही आणि कोणी कोणाला भेटलेच नाही तर ओळख होतच नाही. म्हणून स्वत्व राखणे आणि दुसऱ्याला जाणणे ही एकाच आज्ञेची दोन अंगे आहेत.

मदीना हेही अनेक समाजांचे शहर होते. आदरणीय पैगंबर (स.) यांनी तेथील तरुण सहाबी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुदींची लिपी शिकण्यास सांगितले आणि त्यांनी ती अल्पावधीत आत्मसात केली. दुसऱ्या समाजाची विद्या शिकल्याने त्यांचे ईमान उणे झाले नाही. पुढे हजरत अबू बक्र (रजि.) यांनी पवित्र कुरआन संकलित करण्याची जबाबदारी याच जैद (रजि.) यांच्यावर सोपवली.

आपल्या जिल्ह्याचा इतिहासही हेच सांगतो. छत्रपती शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली. 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले आणि त्यातून मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. राहण्याची आणि जेवणाची सोय आपापल्या बोर्डिंगमध्ये असली, तरी शाळेचा बाक सामायिक होता. ही वसतिगृहे कोंडून घेण्यासाठी नव्हती; खेड्यातल्या गरीब मुलाला शहरात पाय टेकता यावा, यासाठी होती.

येथे एक कटू गोष्ट टाळता येत नाही. नाव ऐकताच खोली नाकारणारे घरमालक शहरांत आहेत. अशा अपमानित मुलाला ओळखीचे कर्तव्य कोणत्या तोंडाने सांगावे? प्रथम, अन्यायाला अन्यायच म्हणावे. परंतु सूरह माइदाच्या आठव्या आयतीचा आदेश असा की, एखाद्या समूहाच्या वैरामुळेही तुम्ही न्याय सोडू नये. घरमालकाच्या अपराधाची वसुली वर्गातल्या सोबत्याकडून करता येत नाही. शिवाय आपणही स्वतःला विचारावे : आपल्या गल्लीत खोली रिकामी असताना परधर्माचा, परप्रांताचा एखादा तरुण दाराशी आला, तर आपण त्याला काय उत्तर देतो?

एका हदीसमध्ये माणसांना सोन्याचांदीच्या खाणींची उपमा दिली आहे. हुपरीकरांना तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. पैंजण कोणत्याही प्रांताच्या बाजारात गेले तरी चांदीचा टंच बदलत नाही. तो आटणीतच ठरलेला असतो. मुलांची आटणी घरी होते. म्हणून त्यांना निरोप देताना निव्वळ मनाई देऊ नका. नमाजची वेळ सोबत्यांना मोकळेपणी सांगण्याचे धैर्य द्या, हलाल-हरामचा विचार नम्रपणे समजावण्याची भाषा द्या, आणि आजारी सोबत्याच्या उशाशी रात्रभर बसण्याची सवय द्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

अल्लाह आपल्या मुलांना उपयुक्त ज्ञान देवो, त्यांचे ईमान राखो आणि त्यांच्या सहवासात इतरांना सुरक्षित वाटो. आमीन.