उद्दिष्ट कोणी ठरवायचे?

व्यवसायोपचार म्हणजे आजार, अपघात किंवा जन्मजात अपंगत्व यांमुळे अडलेली रोजची कामे, मग ती अंघोळ-जेवणाची असोत वा पोट भरण्याची, माणसाला पुन्हा करता यावीत म्हणून सराव, साधने आणि घराची मांडणी यांचा आधार घेणारी उपचारशाखा होय. तिचे शिक्षण १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. मात्र कोणते काम आवश्यक मानायचे याची मापे बव्हंशी पाश्चात्त्य घरांवरून बेतलेली राहिली, आणि मुंबईच्याच मानखुर्द उपनगरातल्या वस्तीत ती तोकडी पडतात.

तिथे, शेजारच्या देवनारच्या कचराभूमीलगत, भंगार निवडणाऱ्या बाईला पक्षाघात झाला, तर टेबलाशी बसून छिद्रांच्या फळीत खुंट्या बसवण्याची चाचणी ती कदाचित पार करील; पण उकिडवे बसून एका हाताने गोणी धरणे, दुसऱ्याने प्लास्टिक, पत्रा, पुठ्ठा वेगळा करणे, आणि नळाला पाणी आले की भरलेला हंडा २२५ चौरस फुटांच्या पुनर्वसनाच्या खोलीत ओट्यावर चढवणे, यांतले काहीच त्या चाचणीत येत नाही. कोणती हालचाल आधी परत यायला हवी, हे तिला आणि तिच्या शेजारणींना पक्के ठाऊक असते.

अशा जाणतेपणाला अधिकार देण्याचे एक उदाहरण न्यूझीलंडमध्ये सापडते: मूळनिवासी माओरी समाजातल्या परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी मांडलेली ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ तेथील परिचर्या परिषदेने १९९२ मध्ये शिक्षणात आणली. सेवा सुरक्षित ठरली की नाही, याचा निवाडा ती घेणाऱ्याने करायचा, हे तिचे सूत्र. माओरींचा हक्क ब्रिटिश राजसत्तेशी झालेल्या १८४० च्या वैतांगी करारावर उभा आहे, तर मानखुर्दची वस्ती ठिकठिकाणांहून विस्थापित झालेल्यांची, त्यामुळे दोन्ही एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. तरी सूत्र लागू पडते, आणि महाराष्ट्रात ते अनोळखीही नाही: गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गोंड लोकांना विचारून रुग्णालय आदिवासी पाड्यासारखे बांधले, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहण्याची सोय केली आणि रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. रुग्णाला साथ देणे म्हणजे केवळ आस्था दाखवणे नव्हे, तर निर्णयाचा अधिकार सोडणे, हे तेथे विटा-मातीत दिसते.

मानखुर्दमध्ये याचा अर्थ असा, की उपचाराचे उद्दिष्ट लिहिले जाते त्या बैठकीत रुग्णासोबत वस्तीतल्या जाणत्या बाईलाही बसवावे, तिच्या वेळेचे मानधन द्यावे, आणि तिने ‘हे काम आधी’ म्हटले तर कागदावरचा क्रम बदलावा.