भिंतीवरचा देव

बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर. तुकोबांची पालखी आषाढवारीला याच वाटेने जाते, आणि वाटेवरच्या घराघरांत विठ्ठल-रखुमाईची तसबीर दिसते. ती पिढ्यान्‌पिढ्यांची वाटते, पण रंगीत छापील देव घरोघरी येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं झाली.

चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथे चित्रं दगडावरून छापली जात; प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून जायचा, तेव्हा कुठे लक्ष्मीचा चेहरा उजळायचा. मग घरात त्या चित्रांना जर, टिकल्या, कापड चिकटवून मूर्तीसारखं सजवलं जाई. किती माया होती त्यात!

देव घरात आणायची ही ओढ फक्त आपलीच नव्हती. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्येही निजायच्या खोलीत मरियम आणि बाळ येशू यांच्या प्रतिमा असत. ज्यांना चित्र परवडत नसे, ते साच्यातून काढलेली रंगीत प्रतिमा घेत.

आपल्याकडे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. त्याआधी ज्यांना देवळाबाहेरच थांबवलं जाई, त्यांनाही तसबिरीतला विठ्ठल घरी आणता येत होता. कुणाला विचारावं लागत नव्हतं.