पित्ताचा महिना

मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. दगडी पुलावरून मोर्णा ओलांडून राजराजेश्वराच्या देवळाकडे निघालो तर जयहिंद चौकापर्यंत मोजकीच माणसे दिसतात, तीही डोक्याला दुपट्टा गुंडाळलेली. पारा पंचेचाळिशी ओलांडतो याचे इथे कुणाला नवल नाही. मे २०२४च्या अखेरच्या आठवड्यात तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लागू केले होते. उन्हासाठी जमावबंदीचे कलम वापरावे लागते अशा गावातल्या माणसाला पित्ताचा महिना कोणता असे विचारा, तो बेलाशक मे म्हणेल.

आयुर्वेदाचे उत्तर वेगळे आहे. पित्त खवळण्याचा काळ शरद, म्हणजे आश्विन-कार्तिक. दिवाळी याच काळात येते. चरक-वाग्भटांना उन्हाळा ठाऊक नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यांनी पित्त मेच्या पदरात न घालता आश्विनाच्या पदरात घातले. त्यामागचा विचार नीट समजून घेतला की पित्ताबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती तपासून पाहाव्या लागतात.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दोषांचे वेळापत्रक दिले आहे. वात ग्रीष्मात साठतो, वर्षाऋतूत खवळतो आणि शरदात शमतो. पित्त वर्षाऋतूत साठते, शरदात खवळते, हेमंतात शमते. कफाचेही असेच एक चक्र आहे. यात साठणे आणि खवळणे या दोन निराळ्या अवस्था आहेत, आणि सगळे मर्म त्या दोहोंमधल्या अंतरात आहे. पावसाळ्यात जठराग्नी मंद होतो. पाणी आणि धान्य-भाज्या यांचा विपाक, म्हणजे पचनानंतरचा परिणाम, आंबट होतो, म्हणून पित्त वाढू लागते. पण बाहेर गारवा असल्याने ते दबून राहते. मग आभाळ उघडते, गारव्याला सरावलेल्या अंगावर एकाएकी कडक ऊन पडते आणि दोन महिने साठलेले उसळून येते.

मग मेमध्ये का नाही? पित्ताच्या गुणांत उष्ण आणि तीक्ष्ण यांच्या जोडीला द्रव आणि सस्नेह हेही गुण सांगितले आहेत. ग्रीष्माचे ऊन कोरडे असते. ते शरीरातला ओलावा आणि स्निग्धपणा शोषते, बळ हरते. कोरडेपणा वाढला की साठतो तो वात. ऊन हे पित्त वाढण्याच्या कारणांत ग्रंथांनी सांगितलेलेच आहे, त्यामुळे मेच्या दुपारी उन्हातून फिरलेल्याला डोळ्यांची आग, डोकेदुखी होणार. पण तो तात्पुरता भडका. ऋतूने घडवलेला प्रकोप वेगळा. त्याला आधी ओल आणि मागून ऊन, असे दोन्ही लागते. वऱ्हाडात हा क्रम फार ठळक दिसतो. जूनपासून ढगाळ, चिकचिकीत हवा, काळ्या जमिनीचा चिखल. आणि ऑक्टोबर हिटमध्ये, सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होते तेव्हा, बायामाणसे दिवसभर त्या नव्या उन्हात वाकलेली.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही की पित्त ही कल्पना मुळात काळाशी बांधलेली आहे. ऋतूपुरतीच नव्हे. दिवसाचा मध्य पित्ताचा, रात्रीचा मध्य पित्ताचा, अन्न पचत असतानाचा मधला टप्पा पित्ताचा आणि आयुष्यातले मधले वयही पित्ताचेच. जाणता वैद्य म्हणूनच आधी ‘कधी’ विचारतो. जळजळ जेवल्याबरोबर होते की दोन तासांनी? उपाशीपोटी वाढते की खाल्ल्यावर? मध्यरात्री जाग येते का? डोके सकाळी दुखते की ऊन चढल्यावर? तेच प्रश्न महिनाभराने पुन्हा. आपण मात्र पित्ताला पोटातला एक पदार्थ समजून बसलो आहोत, जो जास्त झाला की गोळीने मारायचा.

आधुनिक वैद्यकातले यकृतातून येणारे पित्त आणि जठरातले आम्ल या दोन निश्चित वस्तू आहेत. त्या मोजता येतात. आयुर्वेदाचे पित्त त्यांच्यापैकी एकाशीही पूर्ण जुळत नाही. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पाचक पित्त अन्न पचवते आणि रंजक रसाला रंग देऊन रक्त करते. आलोचक डोळ्यांत राहून पाहण्याचे काम करते, भ्राजक त्वचेची कांती सांभाळते. साधक पित्त हृदयात राहते. बुद्धी, स्मृती, उत्साह त्याच्याकडे. पचवणे, रंगवणे, पाहणे, उजळणे, समजून घेणे, या साऱ्यांत आपल्या पूर्वजांना एकच क्रिया दिसली: कच्च्याचे पक्के होणे.

सुश्रुताने तर प्रश्नच टाकला आहे की शरीरात पित्ताहून वेगळा असा अग्नी आहे काय, आणि वेगळा सापडत नाही असे उत्तर दिले आहे. चरकाच्या सूत्रस्थानात बाराव्या अध्यायात ऋषींची एक चर्चासभा आहे. तिथे मरीची म्हणतो की पित्तात राहणारा अग्नीच शुभ आणि अशुभ दोन्ही घडवतो. पचन-अपचन, दृष्टी-अदृष्टी, शौर्य-भय, क्रोध-हर्ष, मोह आणि प्रसन्नता, सारे त्याच्याच स्थितीवर. रागीट माणसाच्या पित्ताबद्दल आपण सहज बोलतो. पण प्रसन्नताही पित्ताचीच, हे आपण विसरलो. चूल धूर करते म्हणून कोणी ती कायमची विझवत नाही, जाळ कमी-जास्त करतात. आयुर्वेदाची पित्तचिकित्सा तेवढीच मागणी करते.

वऱ्हाडी घरांत हा तोल कसा राखला जात असे, याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. धने रात्री भरड कुटून सहापट पाण्यात भिजत घालायचे. भांडे मातीचे असले तर बरे. सकाळी हाताने कुस्करून गाळायचे, थोडी साखर घालून घोट घोट घ्यायचे. शारङ्गधराच्या परिभाषेत हा ‘हिम’. एक भाग औषध, सहा भाग थंड पाणी, रात्रभराचा वेळ. उकळायचे नाही, कारण उद्देश आतली आग शांत करण्याचा आहे. उलट्या होऊन गळून गेलेल्या माणसाला साळीच्या लाह्यांचे पाणी देतात, त्यामागेही हाच विचार. पचायला हलके, ओल भरून काढणारे, आणि अग्नीला न विझवणारे.

याच्या शेजारी आजची सवय ठेवून पाहा. काष्ठौषधींच्या दुकानात ‘पित्ताची गोळी द्या’ म्हटले की सूतशेखर हातात पडतो. योगरत्नाकरात आलेले हे औषध महाराष्ट्रात घरोघरी पोचले आहे. उत्तम औषध आहे, पण ते रसौषध आहे. त्यात शुद्ध केलेला पारा आहे, गंधक आहे, धोत्र्याचे बी आहे. आपल्या औषध कायद्याच्या नियमांत विषारी घटक असलेल्या आयुर्वेदिक औषधांची वेगळी यादी आहे आणि त्यांच्या वेष्टनावर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. ती सूचना वाचणारे किती? आयुर्वेदिक आहे, अपाय होत नाही, असे म्हणत वर्षानुवर्षे स्वतःच घेत राहणारी माणसे मी पाहतो आणि मला त्यांची काळजी वाटते. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या रोज सकाळी चहाआधी घेणाऱ्यांचीही तितकीच.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. छातीत जळजळ, घाम, मळमळ, अस्वस्थपणा. घरातले म्हणतात, “काई नाई, पित्त झालं असन.” थंड दूध देतात, सोडा देतात, निजवतात. हृदयविकाराच्या झटक्यातही नेमकी हीच लक्षणे असू शकतात, मधुमेही माणसात तर छातीत कळ येईलच असे नाही. त्या पहिल्या तासात रुग्णालय गाठणे आणि न गाठणे यांत जीव जाण्या-राहण्याचा फरक आहे. पित्ताच्या नावाखाली हा तास गमावणे हा आयुर्वेदाचा दोष नाही. अंगावर उठणाऱ्या गांधी, अर्धशिशी, आंबट ढेकर, सगळ्याला एकच नाव देऊन तपासणी थांबवणाऱ्या आपल्या सवयीचा आहे. ग्रंथकार इतके ढिसाळ नव्हते. अम्लपित्ताला माधवनिदानात वेगळा अध्याय आहे आणि शीतपित्ताला वेगळा. गांधींच्या त्या विकारात सुरुवात गार वाऱ्याने बिघडलेल्या वात-कफापासून होते. पित्त मागून सामील होते. नाव घेण्याआधी भेद करा, ही त्यांची शिस्त होती.

काळाइतकाच आयुर्वेद देशालाही मानतो, म्हणजे भूमीला. अकोल्याच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांच्या विहिरींचे पाणी खारट. जुन्या शहराला नळाने महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी येते, म्हणून शहरातल्या माणसाला हे चटकन जाणवत नाही. चरकाने विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टींचा अतिरेक करू नये असे बजावले आहे. मिठाबद्दल बोलताना तो खारवट जमिनीचे उदाहरण देतो, जिथे वनस्पती उगवत नाहीत किंवा निस्तेज उगवतात. खारट रस पित्त वाढवतो, अकाली केस गळतात, सुरकुत्या पडतात, असे त्याचे निरीक्षण. खारपाणपट्ट्यातला वैद्य रुग्णाला मीठ कमी करा म्हणतो तेव्हा त्याला आधी विहीर पाहावी लागते.

आणि ठेचा? मिरचीचा ठेचा, ज्वारीची भाकर आणि कांदा यांवाचून वऱ्हाडी माणसाचे पान पुरे होत नाही. शास्त्राच्या दृष्टीने तिखट पित्त वाढवणारेच. पण आयुर्वेदात सात्म्य नावाची एक समंजस कल्पना आहे. पिढ्यान्‌पिढ्या जे अंगवळणी पडले ते अपथ्य असले तरी तितके बाधत नाही, आणि सोडायचे तर एकदम सोडू नये; चतुर्थांश कमी करत, अधेमधे दिवस जाऊ देत सोडावे, असे चरक सांगतो. ठेचा बंद करा असे पहिल्याच भेटीत फर्मावणाऱ्या डॉक्टरांपेक्षा मला हा सल्ला अधिक माणुसकीचा वाटतो. तो पाळला जाण्याची शक्यताही अधिक.

आता पुन्हा शरदाकडे. वाग्भटाने या ऋतूत संध्याकाळी गच्चीवर चांदण्यात बसावे असे सांगितले आहे. आपली कोजागिरी वेगळे काय करते? वऱ्हाडात भाद्रपदी पौर्णिमेपासून चाललेली भुलाबाईची गाणी त्याच रात्री संपतात, खिरापत वाटली जाते, चांदण्यात दूध आटते. शरदातले पाणी दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले, म्हणून त्याला हंसोदक म्हणून गौरवले आहे. पावसाळ्यातला गाळ खाली बसून नितळ झालेल्या पाण्याचे हे वर्णन मला फार आवडते.

पण परंपरेचे सगळेच शास्त्राशी जुळते असे मी म्हणणार नाही. शरदात कडू, गोड, तुरट खावे. मूग, साळीचा भात, आवळा, पडवळ खावे. तेल, क्षार, दही, पोटभर जेवण आणि दिवसाची झोप टाळावी. आणि आपण याच दिवसांत चकली, शेव, चिवडा तळतो, दुपारी जेवून निजतो. दही थंड असते ही समजूतही ग्रंथांना मान्य नाही. त्यांच्या मते ते उष्ण आणि आंबट विपाकाचे, शरदात वर्ज्य. ताक उष्णकाळात, दुर्बळाला आणि दाह असलेल्याला देऊ नये असे सुश्रुत म्हणतो, तर अकोल्याचा उन्हाळा मठ्ठ्याशिवाय सरत नाही. साखर घातलेले गोड ताजे ताक पित्ताला चालते, अशी सवड मात्र आहे. आंबट, शिळा, मीठ-मिरचीचा मठ्ठा ती सवड वापरू शकत नाही, असे माझे मत.

हे सगळे खरे कशावरून, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पित्तप्रकृतीवर काही काम झाले आहे. हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी पुण्याचे भूषण पटवर्धन आणि इतर सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ३ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांची प्रकृतिपरीक्षा करून स्पष्ट एकदोषप्रधान असे २६२ जण निवडले, त्यांच्या जनुकांची तुलना केली आणि पीजीएम१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला. ऊर्जेच्या चयापचयाशी निगडित असे हे जनुक. उत्साह वाटावा असाच निष्कर्ष, पण एका अभ्यासावर घर बांधू नये. पोटातले व्रण काळजीने आणि तिखटाने होतात असे डॉक्टरही दीर्घकाळ मानत. मार्शल आणि वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असल्याचे दाखवले, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि उपचार पालटले. पाश्चात्त्य वैद्यकाने आपले म्हणणे बदलले, यात त्याची हार झाली नाही. आयुर्वेदानेही ही तयारी ठेवावी.

शरदातल्या पित्तप्रकोपाचे विधान तर सहज तपासता येण्यासारखे आहे. अकोल्यात राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात रोजच्या तापमानाची, पावसाची नोंद होते. दोन्ही रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आम्लपित्त, अंगावरच्या गांधी, नाकातून रक्त, अर्धशिशी यांच्या तक्रारी आठवड्यागणिक मोजाव्यात, निदान दोन्ही शास्त्रांच्या भाषेत लिहावे आणि हवामानाच्या नोंदीशेजारी ठेवावे. केवळ महिन्याच्या नावावर विसंबून चालणार नाही; २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दिवाळी १२ नोव्हेंबरपर्यंत लांबली. पाऊस थांबल्यानंतर ऊन किती दिवसांनी किती चढले, हे पाहावे लागेल. मेचे आकडे वर गेले तर वाग्भटाचे वेळापत्रक वऱ्हाडापुरते दुरुस्त करावे; ऑक्टोबरचे गेले तर भर पावसाळ्यातच लोकांना पथ्य सांगता येईल. दोन्ही महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की येत्या जूनपासून ही नोंद सुरू करावी आणि निदान पाच वर्षे ती मोडू देऊ नये.