रांगेतला तास



दोन-तीन मिनिटांच्या पाळण्यासाठी तासभर रांग! थीम पार्कला जाऊन आलेल्या आईबापांना हे सांगायला नको. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानाने 2012 साली डंबो हत्तीच्या पाळण्याच्या रांगेतच मुलांना खेळायला जागा करून दिली. आपला उपाय सोपा: मुलाच्या हाती मोबाइल.

मोबाइल देणे हे काही पाप नव्हे. पण कंटाळा घालवतो तो मुलाचा की आपला? काळ आपण मनात मोजतो, असे संत ऑगस्टीन सांगतात. उद्याचा दिवस मनात असतो तो अपेक्षेच्या रूपाने. रांगेतल्या मुलाच्या मनात पाळणा केव्हाच फिरू लागलेला असतो. त्याला विचारा, वर गेल्यावर काय दिसेल? कोडी घाला. तुमच्या लहानपणच्या जत्रेतला पाळणा कसा होता, ते सांगा. थोडा कंटाळाही येऊ द्या. पुढच्याला न ढकलता आपल्या पाळीची वाट पाहणे, हा न्यायाचा पहिला धडा मूल इथेच शिकते.

एरवी कामाच्या धावपळीत आपण मुलाजवळ सलग तासभर कधी असतो? रांगेने तो तास दिला आहे.

तुमचे धर्मगुरू