घोड्याचा फेरा

चाकाचा नट गंजला होता. पान्यावर सगळा भार टाकला तरी हलेना. शेवटी शेजारच्या गॅरेजमधल्या पोराने पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला, आणि तेवढ्याच भाराने नट कर्र करून सुटला. टॉर्क म्हणजे हेच: जोर गुणिले दांड्याची लांबी. 60 किलोचा भार अर्ध्या मीटरवर पडला की 294 न्यूटन मीटर होतात. पुष्कळ मोटारींच्या इंजिनांतही एवढा टॉर्क नसतो. पण नट जागचा हलत नव्हता तोवर माझी अश्वशक्ती शून्यच होती. पीळ होता, फेरा नव्हता.

या फेऱ्याचा हिशेब जेम्स वॉटने 1780च्या दशकात मांडला. आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करील, हे त्याला गिऱ्हाइकाला सांगायचं होतं. आपल्याकडे बैल घाण्याभोवती फिरतो, तसा तिकडे गिरणीचा घोडा फिरे. त्रिज्या 12 फूट, ओढ 180 पौंड, तासाला 144 फेरे. मिनिटाचं काम 32,572 फूट-पौंड भरतं. ते 33,000 धरलं गेलं. मला हा हिशेब फार देखणा वाटतो, कारण टॉर्क आणि शक्ती त्यात एकाच रिंगणात चालताना दिसतात. त्या घोड्याचा टॉर्क 2,160 फूट-पौंड, म्हणजे 2,900 न्यूटन मीटरच्या वर! अवजड ट्रकच्या इंजिनाला शोभावा असा. तरी घोडा एकच, कारण मिनिटाला फेरे जेमतेम 2.4.

म्हणून ‘टॉर्क मोठा की हॉर्सपॉवर’ हा वाद मला पटत नाही. जुन्या डिझेल स्विफ्टचं 1.3 लिटरचं इंजिन घ्या. 2,000 फेऱ्यांना त्याचा टॉर्क सर्वाधिक, 190 न्यूटन मीटर. शक्ती तेव्हा 54 अश्वशक्तीच्या आसपास. 4,000 फेऱ्यांना टॉर्क 132 वर उतरलेला असतो, पण शक्ती 75 वर पोचते. पीळ उतरला, फेरे दुप्पट झाले.

घाटात हे पायाखाली कळतं. चढावर वेग तोच ठेवून खालचा गिअर टाकला आणि फेरे 2,000 वरून 4,000 वर गेले, तर गिअर त्या 132 ला दुपटीने वाढवून चाकाकडे धाडतो. वरच्या गिअरमधल्या 190 च्या जागी आता 264 चं बळ लागतं. इंजिन ओरडू लागतं आणि गाडी वळणावर दम न सोडता वर चढते.