छेदातली माणसं

आधी ब्लड कल्चरची एकच बाटली डोळ्यांसमोर आणा. वीतभरही उंच नाही. आत पातळ, पिवळसर द्रव. ते जंतूंचं खाद्य. सिस्टर दंडाला पट्टा आवळतात, कातडी पुसतात आणि ती वाळेपर्यंत थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं. घाई झाली तर कातडीवरचे जंतू सुईबरोबर आत जातात आणि नसलेला रोग रिपोर्टात उगवतो. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतात, तान्ह्याचं जेमतेम एक. मग बाटली यंत्रात ठेवतात, अंगाच्या उबेत, पाच दिवसांपर्यंत. रक्तात जिवंत जंतू असला तर तो वाढतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि यंत्राला चाहूल लागते.

पाच दिवस. आपणही जरा त्या बाटलीपाशी बसू.

आता बाटली कोणाची ते मनात आणा. मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंडात राहणारी एक बाई धरा. ताप आला तेव्हा ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. इंजेक्शन झालं, तीन दिवसांच्या गोळ्या झाल्या. त्यात अँटिबायोटिक असलं तर जंतू अर्धमेले होतात, बाटलीत काही उगवत नाही. रोग मात्र अंगात असतोच. पाचव्या दिवशी घरच्यांनी रिक्षा केली. कुठल्या हॉस्पिटलात नेतील? गोवंडीला शताब्दी, घाटकोपरला राजावाडी, नाहीतर थेट सायन. किंवा गाडीत बसून खाडीपुलावरून वाशीला, पुढचंच स्टेशन. तिच्या रक्ताची नोंद यांपैकी कुठल्याही एका वहीत पडेल. एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवलं तर दोन वह्यांत, दोन स्पेलिंगांनी.

रोग किती पसरलाय हे सांगायला अपूर्णांक लागतो. आजारी किती, हे झालं त्याच्या रेघेवरचं, म्हणजे अंश. त्यावर फार वेळ थांबू नका, कारण रेघेवरचं सगळ्यांनाच दिसतं. हॉस्पिटल सांगतं, आमच्याकडे इतके कल्चर पॉझिटिव्ह. पण कितींपैकी? वॉर्डात आलेल्यांपैकी की वस्तीत राहणाऱ्यांपैकी? मोठ्या रुग्णालयात गुंतागुंतीच्याच केसेस पोचतात. तेवढ्यावरून वस्तीचा अंदाज बांधला तर सगळं मानखुर्द अत्यवस्थ वाटेल.

म्हणून आता नजर रेघेखाली, छेदात न्या. तिथे आजारी नसलेली माणसं आहेत. सकाळी नळावर उभी असलेली, हार्बर लोकलच्या गर्दीत लोंबकळणारी, देवनारच्या कचऱ्यातून प्लास्टिक वेचणारी. मानखुर्द ज्यात येतं त्या एम पूर्व वॉर्डात २०११ च्या जनगणनेत ती आठ लाखांहून अधिक भरली. ज्याला काही झालं नाही, त्याची मोजणी झाल्याशिवाय ज्याला झालं त्याचं मोल कळत नाही. हे पचायला वेळ लागतो. लागू द्या.

रक्तातले संसर्ग असे लोकसंख्येला धरून मोजायचे म्हटलं की डेन्मार्कचं उदाहरण नेहमी पुढे येतं. तिथे १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक आहे. उत्तर भागातल्या आल्बोर्गच्या प्रयोगशाळेनं १९८१ पासून रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या नोंदी ठेवल्या. क्रमांकामुळे कल्चरचा निकाल, दवाखान्यातली भरती, घरचा पत्ता, मृत्यू, सगळं एकमेकांना जोडता येतं. माणूस दोनदा मोजला जात नाही, हरवतही नाही. कोणाला संसर्ग जास्त होतो, त्यातून कोण जगतं, वर्षामागून वर्ष काय बदललं, हे त्यांना एका हॉस्पिटलपुरतं नाही, अख्ख्या प्रदेशापुरतं सांगता येतं. हेवा वाटतो, खरं सांगायचं तर. पण हेव्यावर मन फार रेंगाळू देऊ नका, लोकसंख्येला धरून मोजणी आपल्याकडेही झालेली आहे.

मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. तिचे कर्मचारी स्वतः हॉस्पिटलांत जाऊन केसपेपर उतरवतात, पालिकेच्या मृत्यूनोंदी ताडून पाहतात. १९८७ मध्ये बार्शीला ग्रामीण भागातली पहिली नोंदणी सुरू झाली. आणि रक्ताचंच बोलायचं तर टायफॉइड घ्या. त्याचा जंतू रक्तात सापडतो. २०१७ ते २०२० या काळात चार ठिकाणी मुलांच्या घरी नियमित चौकशी करून, ताप रेंगाळला की कल्चर घेऊन, त्याची मोजणी झाली. एक लाख मुलं वर्षभर पाहिली तर पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात ३५ जणांना टायफॉइड, आणि दिल्ली, कोलकाता, वेल्लोरच्या शहरी वस्त्यांत ५७६ पासून ११७३ पर्यंत. हे आकडे शेजारी ठेवून थोडं थांबा. नुसत्या पॉझिटिव्ह बाटल्या मोजून ही दरी कधी दिसली असती?

अशा मोजणीतला मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रयोग अगदी खाडीच्या समोरच्या काठावरचा. जुलै २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं टायफॉइडची नवी संयुग्म लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना द्यायला घेतली. सरकारी कार्यक्रमात ही लस जगात सर्वांत आधी तिथे आली. पहिल्या टप्प्यात काही आरोग्य केंद्रांच्या हद्दी घेतल्या, बाकीच्या नंतरसाठी ठेवल्या. त्यामुळे तापानं आलेल्या मुलाच्या बाटलीइतकाच त्याचा पत्ता मोलाचा ठरला. मूल लस दिलेल्या हद्दीतलं की दुसरीकडचं, हे कळल्याशिवाय तुलनाच नव्हती.

पत्ता. या शब्दापाशी मानखुर्दमध्ये जपून बसावं लागतं. इथे सर्व्हे म्हणजे दारावर रंगवलेला नंबर, मग पुनर्वसनाला पात्र की अपात्र, २००० सालचा पुरावा आहे का, रेशनकार्ड कोणाच्या नावावर. २००४-०५ च्या पाडकामात इथल्या मंडाल्यातल्या झोपड्या गेल्या, ते पाहिलेली माणसं अजून इथेच राहतात. आरोग्यसेविका दारात येऊन ‘घरात किती जण?’ विचारते तेव्हा उत्तर देणारी बाई क्षणभर कशाचा हिशेब करते, तो क्षण नीट बघा. ती खोटं बोलत नसते, जपून बोलत असते. तिची माहिती तब्येतीच्या कामापलीकडे जाणार नाही, याची हमी लेखी हवी, आणि ती तोडणाऱ्याला शिक्षा हवी. जुळवणीपुरतं नाव लागतंच. जुळवणी झाली की ते वेगळ्या कुलपात जायला हवं. याला तांत्रिक बाब म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही.

शेवटी एक नियम मनात घोळवा. कॅन्सरच्या नोंदणीत रहिवासी धरायचा तर साधारण वर्षभराचं वास्तव्य लागतं. कॅन्सर सावकाश वाढतो, तिथे ते रास्त आहे. पण मुंबईत भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो, आणि मानखुर्दच्या साठेनगरात खोली घेणाऱ्याकडे तोही असेलच असं नाही. तीन महिन्यांपूर्वी गावाहून आलेल्या बाईला टायफॉइड झाला, तर तिला इथली धरायची की गावची? जंतू पोटात गेल्यावर ताप यायला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे ज्या पाण्यातून जंतू आला, ते इथलंच होतं. तिला मानखुर्दच्या अंशात धरा, आणि छेदातही.